सेकंदाचे राखणदार

१ जुलै २०१२, रविवारची पहाट. भारतीय घड्याळांत पाच वाजून एकोणतीस मिनिटं एकोणसाठ सेकंद झाले. पुढच्या ठोक्याला साडेपाच वाजायचे, पण त्या दिवशी मध्ये एक जादा सेकंद होता : ५:२९:६०. पृथ्वीची गिरकी अणुघड्याळांच्या मानाने किंचित रेंगाळते. दोन्हींचा मेळ राहावा म्हणून १९७२पासून अधूनमधून असा लीप सेकंद घातला जातो. या सेकंदाची घोषणा सहा महिने आधीच झाली होती. जगभरच्या सर्व्हरना तो एकाच क्षणी मिळाला आणि त्यांतले कित्येक आडवे झाले. रेडिट बंद पडलं, मोझिलाच्या सेवा अडखळल्या. ऑस्ट्रेलियात तेव्हा सकाळचे दहा वाजत होते. क्वांटास विमान कंपनीची चेक-इन यंत्रणा ठप्प झाली, कर्मचारी प्रवाशांची नोंद हाताने करू लागले आणि उड्डाणं रखडली.

बिघाड लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये होता. तिथे वेळेचा हिशेब ठेवणारे दोन भाग असतात. जादा सेकंदाची नोंद एकाने घेतली, दुसऱ्याला ती कळवायचं राहून गेलं. दोघांत एका सेकंदाची तफावत पडली. मग ‘अर्धा सेकंद थांब’ असं सांगितलेला प्रोग्रॅम थांबायला जायचा, तर त्याची मुदत आधीच उलटून गेलेली असायची. तो लगेच जागा व्हायचा, पुन्हा थांबायला जायचा, पुन्हा लगेच जागा व्हायचा. प्रोसेसर शंभर टक्के कामात बुडाले आणि हातून काम मात्र काहीच होईना. त्यावरचा उतारा एका ओळीचा निघाला : घड्याळात आता जी वेळ आहे तीच पुन्हा लावा. वेळ होती तीच राहायची, पण ती ‘लावली’ गेल्यामुळे राहिलेला निरोप दुसऱ्या भागाला पोचायचा आणि यंत्र शांत व्हायचं. रात्रपाळीच्या कितीतरी इंजिनियरांनी त्या दिवशी एकेका सर्व्हरला ही ओळ देत तास काढले.

एका सेकंदाने एवढी धांदल उडते, कारण संगणकांच्या जाळ्यात वेळ ही नुसती पडद्याच्या कोपऱ्यात दाखवायची गोष्ट राहिलेली नाही. पैसे आधी जमा झाले की आधी काढले गेले, तिकीट कुणाला आधी मिळालं, फाइलची नवी प्रत कुठली, हे सगळं वेळेच्या शिक्क्यावरून ठरतं. शिक्का मारणारी यंत्रं मात्र हजारो असतात आणि प्रत्येकाचं घड्याळ वेगळं असतं.

कुठल्याही डेस्कटॉपचं झाकण उघडलं की मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा चपटा सेल दिसतो, बहुधा सीआर २०३२ जातीचा. त्याच्या आसपास तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी धातूची नळी असते. तिच्या आत क्वार्ट्झचा चिमट्यासारखा दुबेळका तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. ही संख्या मुद्दाम निवडलेली आहे. ती पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर एक उरतो, म्हणजे सेकंदाला एक ठोका मिळतो. मशीन बंद असताना वेळ सांभाळते ती ही जोडी. स्फटिक स्वस्त असतो आणि त्याची चूक साधारण दहा लाखांत वीस भाग इतकी असू शकते. ऐकायला ती नगण्य वाटते. दिवसाचे सेकंद ८६,४०० धरले तर रोज पावणेदोन सेकंदांचा फरक पडतो, महिन्याला जवळजवळ एक मिनिट.

त्यात तापमानाची भर. हा स्फटिक पंचवीस अंशांच्या आसपास सर्वांत जलद थरथरतो. त्याहून गरम झाला तरी मंदावतो, गार झाला तरी मंदावतो. विदर्भातल्या मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या खोलीत ठेवलेलं यंत्र केवळ उन्हाळ्यापायी दिवसाला सेकंदभर मागे पडू शकतं. चालू संगणकाचा मुख्य ठोका वेगळ्या, जास्त शिस्तीच्या स्फटिकावर चालतो, पण तापमानाची छाया त्याच्यावरही असतेच. केंब्रिज विद्यापीठातल्या स्टीव्हन मर्डॉक यांनी २००६ मध्ये याच छायेचा उपयोग करून दाखवला. इंटरनेटवर ओळख लपवून बसलेल्या सर्व्हरवर दुरून कामाचा भार टाकायचा, तो तापला की त्याचं घड्याळ किती सरकतं ते बघायचं आणि त्यावरून तो कुठला सर्व्हर हे ओळखायचं.

या बेशिस्त घड्याळांना एका चालीवर आणण्याचं काम ज्यांनी आयुष्यभर केलं ते डेव्हिड मिल्स. १९३८ साली कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये त्यांचा जन्म झाला. काचबिंदू जन्मापासूनचा. लहानपणी झालेल्या शस्त्रक्रियेने डाव्या डोळ्याला थोडी दृष्टी मिळाली आणि तेवढ्यावर त्यांनी शिक्षण, डॉक्टरेट आणि पुढचं सगळं संशोधन केलं. १९७०च्या दशकाच्या अखेरीस ते कॉमसॅट या उपग्रह कंपनीत असताना आर्पानेट हे इंटरनेटचं पूर्वरूप बाळसं धरत होतं. जाळ्यातल्या यंत्रांची घड्याळं जुळवण्याचा प्रश्न त्यांनी तिथे उचलला. १९८५ मध्ये नेटवर्क टाइम प्रोटोकॉल, म्हणजे एनटीपीचं पहिलं टिपण प्रसिद्ध झालं. नंतर डेलावेअर विद्यापीठात प्राध्यापक असताना त्यांनी त्याच्या पुढच्या आवृत्त्या घडवल्या. शेवटच्या वर्षांत दृष्टी पूर्ण गेली. १७ जानेवारी २०२४ रोजी, वयाच्या ८५व्या वर्षी ते गेले. आज जवळपास प्रत्येक फोन, लॅपटॉप, एटीएम आणि राउटर त्यांच्या प्रोटोकॉलने किंवा त्याच्या एखाद्या सुटसुटीत रूपाने वेळ लावून घेतो. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांचं नाव जितक्या जणांना ठाऊक आहे, त्याच्या शतांश लोकांनीही मिल्स यांचं नाव ऐकलेलं नाही. ही उपेक्षा दुरुस्त व्हायला हवी.

त्यांच्यापुढचा प्रश्न असा होता. दुसऱ्या यंत्राला ‘किती वाजले?’ असं विचारलं, तर उत्तर येईपर्यंत वेळ पुढे गेलेली असते. किती पुढे, ते कळायला निरोपाला लागलेला वेळ मोजावा लागतो, आणि तो मोजायचा तर दोन्हीकडची घड्याळं आधी जुळलेली हवीत. हा पेच मिल्स यांनी चार शिक्क्यांनी सोडवला.

पुण्यातला एक लॅपटॉप सर्व्हरला वेळ विचारतो आहे असं समजा. लॅपटॉपच्या घड्याळात दहा वाजून शून्य मिलिसेकंद झाले असताना प्रश्न निघाला. सर्व्हरच्या घड्याळात तो दहा वाजून १३० मिलिसेकंदांना पोचला. सर्व्हरने १३१ला उत्तर सोडलं आणि लॅपटॉपला ते त्याच्या स्वतःच्या घड्याळात ४१ मिलिसेकंदांना मिळालं. लॅपटॉपच्या हिशेबाने जाण्यायेण्याला ४१ गेले, त्यातला एक सर्व्हरने उत्तर तयार करण्यात घालवला, म्हणजे वाटेत ४०. जायला वीस, यायला वीस. प्रश्न निघाल्यापासून वीस मिलिसेकंदांनी सर्व्हरपाशी पोचला तेव्हा तिथे १३० दिसत होते. याचा अर्थ लॅपटॉप ११० मिलिसेकंद मागे आहे. चार आकडे, एक बेरीज, दोन-तीन वजाबाक्या, एक भागाकार.

या हिशेबात एक गृहीत दडलेलं आहे : जायला आणि यायला सारखाच वेळ लागतो. जाताना दहा आणि येताना तीस लागले असतील तर उत्तर दहा मिलिसेकंदांनी चुकतं, आणि या चार आकड्यांकडे कितीही बघितलं तरी ती चूक सापडत नाही. म्हणून एनटीपी एका सर्व्हरच्या शब्दावर विसंबत नाही. दोन घड्याळांत फरक पडला तर चुकीचं कुठलं ते सांगता येत नाही, तेव्हा निदान चार जणांना विचारायचं. ज्यांची उत्तरं एकमेकांच्या पट्ट्यात बसतात त्यांना धरायचं आणि उरलेल्यांना बाजूला काढायचं. कीथ मार्झुलो यांनी १९८४ साली आपल्या प्रबंधात मांडलेली ही युक्ती मिल्स यांनी आपल्या घडणीत बसवून घेतली.

फरक कळला तरी घड्याळ एकदम पुढेमागे ढकलून चालत नाही. काळ मागे गेला तर डेटाबेसला नंतरचा व्यवहार आधीचा वाटू लागतो. म्हणून फरक छोटा असेल तर एनटीपी घड्याळाची चालच किंचित वाढवतो किंवा कमी करतो. लय जराशी सुटली म्हणून जाणता तबलजी मात्रा गाळत नाही, गाणाऱ्याला न कळेल इतक्या हळू लय ओढत समेवर येऊन बसतो, तसंच हे. चाल बदलण्याची मर्यादाही ठरलेली आहे : दहा लाखांत पाचशे भाग. १२८ मिलिसेकंदांहून जास्त फरक बराच काळ टिकला तरच उडी घेतली जाते. फरक हजार सेकंदांहून अधिक दिसला तर मूळ प्रोग्रॅम घड्याळाला हात न लावता थांबतो आणि निर्णय माणसावर सोपवतो. मिल्स यांच्या कामातली ही सावधगिरी विलक्षण आहे. आपली खात्री किती आणि ती कुठे संपते, याचा हिशेब त्यांनी यंत्राला सतत ठेवायला लावला.

वेळ देणाऱ्यांची उतरंड असते. सर्वांत वर अणुघड्याळं आणि उपग्रहांचे रिसीव्हर, त्यांना जोडलेले सर्व्हर पहिल्या पायरीवर, त्यांच्याकडून वेळ घेणारे दुसऱ्या, असं पंधराव्या पायरीपर्यंत. सोळावी पायरी म्हणजे घड्याळ जुळलेलंच नाही. या उतरंडीतले असंख्य सर्व्हर विद्यापीठांनी आणि हौशी माणसांनी फुकट चालवलेले आहेत. फुकटच्या वस्तूवर किती भार पडू शकतो, ते २००३ मध्ये विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाला कळलं. त्या वर्षीच्या मे महिन्यात त्यांच्या एका टाइम सर्व्हरवर प्रश्नांचा लोंढा आदळायला लागला, जूनपर्यंत सेकंदाला अडीच लाख पॅकेट. सुरुवातीला हल्ला वाटला. शोध घेतल्यावर निघाले नेटगिअर कंपनीचे घरगुती राउटर. त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये या सर्व्हरचा पत्ता कायमचा लिहून ठेवला होता. उत्तर मिळालं नाही तर दर सेकंदाला पुन्हा विचारायचं, अशीही त्यांची रचना होती. उत्तर न मिळणारा प्रत्येक राउटर भार वाढवत होता, आणि भार वाढला की आणखी राउटरना उत्तर मिळत नव्हतं. असे राउटर सुमारे सात लाख होते. विकलेली पेटी परत बोलावता येत नाही, आणि घरी राउटर लावणारा माणूस त्याचं सॉफ्टवेअर क्वचितच बदलतो. कंपनीने पुढे विद्यापीठाला ३,७५,००० डॉलर दिले. सर्व्हरवरचे प्रश्न मात्र नंतर कित्येक वर्षं येत राहिले.

त्याच वर्षी, जानेवारी २००३ मध्ये, एड्रियन फॉन बिडर यांनी स्वयंसेवकांच्या सर्व्हरचा एक सामाईक संच उभा केला. एकच नाव विचारायचं आणि दर वेळी वेगवेगळ्या सर्व्हरचा पत्ता मिळायचा, म्हणजे भार वाटला जातो. दोन वर्षांनी ही जबाबदारी आस्क ब्यॉर्न हॅन्सन यांनी घेतली. आज त्यात काही हजार सर्व्हर आहेत. लिनक्सच्या बहुतेक वितरणांत सुरुवातीपासून याच संचाची नावं घातलेली असतात. जगाच्या व्यापाराचा मोठा हिस्सा ज्या वेळेवर चालतो, ती अशा माणसांच्या स्वखुशीवर उभी आहे.

एनटीपीने इंटरनेटवरून काही मिलिसेकंदांपर्यंत मजल जाते. काही कामांना ती अपुरी पडते. मोबाइलच्या टॉवरचंच घ्या. आपल्याकडच्या ५जीचा ३.३ गिगाहर्ट्झच्या वरचा पट्टा असा वापरतात की टॉवर एकाच लहरीवर आळीपाळीने बोलतो आणि ऐकतो. शेजारचे सगळे टॉवर एकदम बोलले पाहिजेत आणि एकदम गप्प झाले पाहिजेत, नाहीतर एक ऐकत असताना दुसऱ्याचा आवाज त्याच्या कानात घुसतो. त्यासाठी प्रत्येक टॉवरचं घड्याळ प्रमाण वेळेच्या दीड मायक्रोसेकंदाच्या आत असावं लागतं. तेवढ्यात प्रकाशही जेमतेम ४५० मीटर जातो. टॉवरच्या सामानात अळंबीच्या आकाराचा जो पांढरा अँटेना दिसतो, तो यासाठी उपग्रहांकडून वेळ घेत असतो. २६ जानेवारी २०१६ रोजी अमेरिकेच्या जीपीएसमधला एक जुना उपग्रह सेवेतून काढताना चूक झाली आणि काही उपग्रह १३ मायक्रोसेकंद चुकीची वेळ सांगू लागले. माणसांना त्याचा पत्ताही लागला नाही. जगभरच्या दूरसंचार यंत्रणांत मात्र कित्येक तास धोक्याचे इशारे वाजत राहिले.

ज्या ठिकाणी अँटेना लावता येत नाही किंवा फक्त उपग्रहावर विसंबायचं नसतं, तिथे प्रिसिजन टाइम प्रोटोकॉल वापरतात. याचं पहिलं प्रमाण २००२ मध्ये आलं. चार शिक्क्यांची कल्पना तीच, पण शिक्का मारायची जागा बदलली. एनटीपीत शिक्का बहुधा सॉफ्टवेअर मारतं, आणि त्या क्षणी प्रोसेसर दुसऱ्या कामात असेल तर तेवढा उशीर मोजणीत मिसळतो. इथे पॅकेट तारेवर चढताना नेटवर्क कार्डातली चिपच वेळ टिपते. वाटेतले स्विचही, ‘माझ्याकडे पॅकेट इतका वेळ अडलं होतं’ असं त्याच्यावर लिहून पुढे पाठवतात.

नॅनोसेकंदांच्या दुनियेत काय घडतं, ते सर्न या युरोपीय प्रयोगशाळेतून निघालेल्या न्यूट्रिनो या सूक्ष्म कणांनी दाखवलं. २३ सप्टेंबर २०११ रोजी ऑपेरा प्रयोगाच्या शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की जिनिव्हाजवळून इटलीतल्या ग्रान सासोपर्यंत ७३० किलोमीटरचं अंतर न्यूट्रिनोंनी प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी कापलं. आइन्स्टाइन चुकले का, याची चर्चा जगभर पेटली. ऑपेराच्या शास्त्रज्ञांनी महिनोन्‌महिने हिशेब तपासला होता, चूक सापडत नव्हती, म्हणूनच त्यांनी आपला निष्कर्ष इतरांपुढे ठेवला होता. चूक २०१२च्या सुरुवातीला सापडली. जीपीएसची वेळ प्रयोगाच्या मुख्य घड्याळाला पोचवणाऱ्या ऑप्टिकल फायबरचा एक जोड पुरता आवळलेला नव्हता. प्रकाश कमी पोचत होता, त्यामुळे पलीकडचं सर्किट उशिरा जागं होत होतं. एक सैल जोड आणि ७० नॅनोसेकंदांच्या वरचा उशीर. घड्याळाच्या आणखी एका दोषाने तो काहीसा झाकला होता. दोन्ही दुरुस्त केल्यावर न्यूट्रिनो प्रकाशाच्याच वेगाने जाताना आढळले. सर्नमध्येच वाढलेली व्हाइट रॅबिट ही यंत्रणा तारेची लांबी आणि तिचं तापमानाने बदलणं सतत मोजत राहते, आणि हजारांहून अधिक यंत्रं एका नॅनोसेकंदाच्या आत जुळवून ठेवते. सर्नने तिची रचना सर्वांना खुली ठेवली आहे.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभ्या राहणाऱ्या, गुरुत्वलहरी टिपणाऱ्या लायगो-इंडियाचंही बरंचसं काम घड्याळांच्या जुळणीवर अवलंबून आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली गुरुत्वलहर अमेरिकेत आधी लिव्हिंग्स्टनला आणि सात मिलिसेकंदांनी, तीन हजार किलोमीटर दूर हॅनफर्डला पोचली. तो फरक मोजता आला, म्हणून ती आकाशाच्या कुठल्या भागातून आली याचा अंदाज बांधता आला. मराठवाड्यातला शोधक त्यांच्या जोडीला आला की ती दिशा कितीतरी नेमकी होईल. केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये या प्रकल्पाला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. अट तीच : खंडापलीकडच्या यंत्रांशी इथलं घड्याळ जुळलेलं हवं.

मग खरी वेळ असते तरी कुणाकडे? पॅरिसजवळच्या सेव्ह्र गावातलं आंतरराष्ट्रीय वजनमाप कार्यालय जगभरच्या प्रयोगशाळांतल्या शेकडो अणुघड्याळांचे आकडे गोळा करून जागतिक वेळ ठरवतं. प्रत्येक देशाचं घड्याळ तिच्यापासून किती सरकलं होतं, ते पुढच्या महिन्यात पत्रकातून कळतं. सर्वांत नेमकी वेळसुद्धा नंतर कळते! त्या क्षणी हातात असतो तो अंदाज आणि त्याच्या चुकीची मर्यादा. गूगलने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या स्पॅनर या डेटाबेसच्या रचनेत हे सरळ मान्य केलं आहे. त्यातलं घड्याळ एक आकडा सांगत नाही, ‘या क्षणापासून त्या क्षणापर्यंतच्या दरम्यान’ असा पट्टा सांगतं. तेव्हा चुकीची ती मर्यादा एक ते सात मिलिसेकंदांची होती. व्यवहार पक्का करायच्या आधी डेटाबेस वाट पाहतो, पट्टा संपूर्ण मागे पडला की मगच तो व्यवहार इतरांना दिसू देतो. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ साली दाखवून दिलं होतं की विखुरलेल्या यंत्रांत आधी काय आणि नंतर काय, हे घड्याळाशिवायही निरोपांच्या क्रमावरून ठरवता येतं. स्पॅनरने त्याला अणुघड्याळं आणि जीपीएसची जोड दिली. घड्याळ बरोबर असल्याचा दावा करण्यापेक्षा ते किती चुकलेलं असू शकतं हे सांगणं जास्त उपयोगी पडतं. या क्षेत्रातली सर्वांत मोलाची शिकवण हीच म्हटली पाहिजे.

लीप सेकंदाचं काय? २०१६च्या अखेरीस सत्ताविसावा घातला गेला. तेव्हाही क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीच्या काही सर्व्हरवर दोन क्षणांमधला फरक ऋण निघाला आणि प्रोग्रॅम कोसळला, कारण काळ मागे जाणार नाही असं लिहिणाऱ्याने धरलं होतं. गूगलने २००८ पासून तो सेकंद कित्येक तासांवर पातळ पसरून द्यायला सुरुवात केली होती. अखेर नोव्हेंबर २०२२ मध्ये जागतिक वजनमाप परिषदेने ठरवलं की २०३५ पर्यंत ही पद्धत बदलायची आणि पृथ्वी व घड्याळ यांत जास्त तफावत पडू द्यायची.

भारताची प्रमाण वेळ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत राखली जाते. सायबर सुरक्षेचं काम बघणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२च्या आदेशात सेवा पुरवठादार, डेटा सेंटर, कंपन्या आणि सरकारी कार्यालयं यांना आपली घड्याळं या प्रयोगशाळेच्या किंवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी जोडायला सांगितलं. सायबर हल्ल्याचा माग काढताना दहा यंत्रांच्या नोंदी शेजारी ठेवाव्या लागतात, आणि त्यांच्या वेळा जुळत नसतील तर चोर आधी कुठून शिरला तेच कळत नाही. अमेरिका आणि कॅनडात १४ ऑगस्ट २००३ला पाच कोटी लोक अंधारात गेले. तेव्हा चौकशी करणाऱ्यांना आधी वेगवेगळ्या नोंदींच्या वेळा एकमेकींशी जुळवत बसावं लागलं होतं.

वेळेसाठी दुसऱ्यावर विसंबू नये, हा धडा आपल्या उपग्रहांच्या बाबतीतही मिळाला आहे. आयआरएनएसएस-१ए या आपल्या दिशादर्शक उपग्रहावरची तिन्ही परदेशी रुबिडियम घड्याळं बंद पडली. २९ मे २०२३ला गेलेल्या एनव्हीएस-०१ या नव्या दिशादर्शक उपग्रहावर अहमदाबादला घडवलेलं देशी अणुघड्याळ होतं. अहमदाबाद, बंगळुरू, भुवनेश्वर, फरिदाबाद आणि गुवाहाटी इथल्या प्रयोगशाळांतून देशभर वेळ पोचवण्याचा प्रकल्प हाती आहे. कायदा, प्रशासन आणि व्यापार यांत भारतीय प्रमाण वेळच वापरावी, अशा नियमांचा मसुदाही जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. ही पावलं योग्य आहेत. फक्त परदेशी उपग्रहांच्या भरवशावर बँका आणि वीजजाळी चालवणं धोक्याचं आहे.

आणखी एक तारीख जवळ येते आहे. एनटीपी सेकंद मोजतो ते १ जानेवारी १९००पासून, बत्तीस बिटांच्या खान्यात. तो खाना ७ फेब्रुवारी २०३६ रोजी, आपल्याकडे सकाळचे अकरा वाजून अठ्ठावन्न मिनिटं सोळा सेकंद झाले की भरेल आणि मोजणी पुन्हा शून्यावर येईल. नवी सॉफ्टवेअरं त्यासाठी तयार आहेत. अडचण आहे ती भिंतीवर लावून विसरलेल्या जुन्या पेट्यांची.

त्यातली एक पेटी बहुतेकांच्या सोसायटीत किंवा दुकानात असते : सीसीटीव्हीचा डीव्हीआर. चोरी झाली, अपघात झाला की पोलीस फुटेज मागतात. जाणता तपास अधिकारी डीव्हीआरवरची वेळ आणि खरी वेळ यांतला फरक पंचनाम्यात लिहून घेतो, कारण तो फरक बऱ्याचदा काही मिनिटांचा असतो. दोन कॅमेऱ्यांच्या वेळा जुळत नसतील तर साक्षीपुराव्याला तिथेच तडा जातो. यंदा दिवाळीची साफसफाई करताना पाच मिनिटं काढून डीव्हीआरच्या मेनूत एनटीपी सुरू करा. टाइमझोन साडेपाच तास पुढे ठेवा आणि सर्व्हरच्या जागी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं ‘समय१ डॉट एनआयसी डॉट इन’ हे नाव रोमन लिपीत घाला. डीव्हीआर इंटरनेटला जोडलेला नसेल तर फोनवरची वेळ बघून निदान महिन्यातून एकदा त्याचं घड्याळ हाताने लावा, आणि लावलं त्या दिवशी किती फरक होता ते वहीत लिहून ठेवा.